ठसका लागला नाही, तिथेच आम्ही फसलो

ताई, पक्षाघातानंतर सासऱ्यांची नाकातली नळी काढली, चहाला ठसका लागतो पण पेज 'छान जाते', आणि हातात व्यायामांचा झेरॉक्स. कोणता व्यायाम किती वेळा, हे तुम्ही विचारलंय. आईच्या वेळी तसाच कागद घेऊन मी फिरत होतो. मी डॉक्टर नाही, आमच्या घरी घडलं तेवढंच सांगतो.

व्यायाम राहू द्या, आधी ती पेज थांबवा. पेजेत शितं आणि पाणी दोन्ही एकदम. तोंड शितं सांभाळतं तोवर पाणी मागे घसरतं. आम्हाला डिस्चार्जच्या कागदावर फक्त 'मऊ आहार' एवढे दोन शब्द मिळाले होते. पेज मऊच की! आठ दिवस वाटी वाटी पाजली. आईला एकदाही ठसका लागला नाही, म्हणून आम्ही खूश. जेवणानंतर आवाज ओला, घशात पाणी खुळखुळल्यासारखा यायचा, संध्याकाळी कणकण. कफ असेल म्हणून हळद-दूध दिलं, तेही पातळच! नवव्या दिवशी न्यूमोनिया, परत आयसीयू. नंतर बेरियम (एक्स-रेत दिसणारं द्रव) गिळायला देऊन एक्स-रेचा व्हिडिओ काढला, त्यात त्याची काळी रेघ सरळ श्वासनलिकेत उतरताना दिसली आणि आई शांत बसलेली. खोकलाच येत नव्हता.

त्याच रुग्णालयात मी पहिल्या दिवशी स्पीच थेरपिस्टबद्दल विचारलं होतं. 'त्या बोलायला शिकवतात, पेशंट बोलतोय ना?' असं काउंटरवर ऐकवलं. गिळणं तपासणं हे त्यांचंच काम, हे मला न्यूमोनियानंतर कळलं. असो, अजून राग येतो.

आता व्यायाम. कागदावरचे सगळे सगळ्यांसाठी नसतात. डोकं उचलून पायाची बोटं बघण्याचा (मिनिटभर धरून तीनदा, मग ३० वेळा वर-खाली, दिवसातून तीनदा, सहा आठवडे) हा अन्ननलिकेचं तोंड नीट उघडत नसेल तर देतात. आईच्या मानेचे मणके झिजलेले, म्हणून थेरपिस्टने तो खोडूनच टाकला. जीभ दातांत धरून आवंढा गिळायचा तो रिकाम्या तोंडानेच, घास असताना कधीच नाही. आमच्या झेरॉक्सवर हे लिहिलेलं नव्हतं. हनुवटी खाली घेऊन गिळणंही प्रत्येकाला मानवत नाही. आईला मान लुळ्या बाजूला वळवून गिळायला सांगितलं, त्याने फरक पडला. सर्वांत जास्त वेळ लागला तो कंठमणी वर चढला की दोन सेकंद तिथेच धरून ठेवायला. मी तिचं बोट माझ्या गळ्यावर ठेवायचो, मग तिच्या. तीन आठवड्यांनी जमलं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. पातळ घसरू नये म्हणून नाचणीचं सत्त्व दाट करून दिलं तरी तोंडातला चमचा परत वाटीत गेला की लाळेने पिष्टमय पदार्थ पातळ होतो. सुरुवातीला खिरीसारखं, शेवटचे चमचे पाण्यासारखे. म्हणून अर्धी अर्धी वाटी द्या. बाजारात झँथन गमचं थिकनर (पातळ पदार्थ दाट करायची पावडर) मिळतं, ते लाळेने तसं सुटत नाही, पण महाग आहे.

आणि दात! दोन्ही वेळा ब्रश, कवळी असेल तर रात्री काढून. लाळ चुकून फुप्फुसात गेली तरी तिच्यासोबत जंतू कमी जातात. माझ्या मते निम्म्या व्यायामांपेक्षा हे जास्त उपयोगी, अर्थात हे माझं मत.

भरवताना ताठ बसवा, नंतर अर्धा तास आडवं करू नका. मुंबईत असाल तर वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा, स्पीच थेरपिस्ट तिथे शिकतात. त्यांना तो झेरॉक्स दाखवा आणि पेन पुढे करा, नको ते खोडू देत. तोवर रोज संध्याकाळी थर्मामीटर लावा. ताप चढला, श्वास जोरात चालला किंवा जेवणानंतर आवाज ओला आला, तर इथे उत्तराची वाट न बघता सासऱ्यांना रुग्णालयात न्या.