एफडी मोडू की कर्ज घेऊ? आधी गच्चीवर पाणी साठवून बघा

एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: स्वतःच्या प्लॉटवर घर बांधतोय. एकूण खर्च १०० भाग धरला, तर ठेकेदाराला ७० देऊन झालेत. खिडक्या बसल्या, ‘घर आता पाऊस-वाऱ्याला बंद झालं’ असं म्हणून तो पुढचे १५ मागतोय. जवळ २० भागांची एफडी आहे, ७ टक्क्यांची. आणखी १० भाग एका विमा पॉलिसीत आहेत. एफडी मोडू की ९ टक्क्यांचं टॉप-अप कर्ज (चालू गृहकर्जावर वाढवून मिळणारं) घेऊ? आत पुट्टी सुरू झालीय, तीन महिन्यांत राहायला जायचंय.

विचारलेल्याचं उत्तर: कर्ज नको. ९ आणि ७ मधला फरक २ टक्के, १५ भागांवर तो म्हणजे वर्षाला ०.३ भागांचा तोटा, एफडीच्या व्याजावरचा कर धरला तर जरा जास्त.

पण तुमचं खरं नुकसान या ०.३ मध्ये नाही. पाया, कॉलम, स्लॅब आणि वीटकाम मिळून साधारण ४५ भाग, खिडक्यांचे ५. म्हणजे काम झालंय ५० चं आणि पैसे गेलेत ७०. आणखी १५ दिलेत तर ५० च्या कामाला ८५ जातील, काम उरेल ५० चं आणि जवळ राहतील १५, त्यातले १० पॉलिसीत अडकलेले. उद्या ठेकेदाराने काम सोडलं तर काय कराल?

करारात ‘घर बंद झाल्यावर १५’ एवढंच लिहिलंय आणि बंद म्हणजे काय ते लिहिलेलं नाही. खिडक्या बसल्या म्हणजे घर बंद होत नाही. तुम्हीच लिहिलंय की जिन्यावरच्या खोलीला अजून दार नाही, तिथे प्लास्टिक बांधलंय, आणि बाहेरचं प्लास्टर व्हायचंय. मग पुट्टी सुरू कशी झाली? बाहेरून ओल आली की ती फुगून पोपडे धरणार आणि खरवडून पुन्हा करावी लागणार. ती आजच थांबवा.

गच्चीला दर मीटरला किमान १ सेंमी उतार हवा, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेला गोल वाटा, म्हणजे कोपरा भरून केलेली गोलाई हवी. वॉटरप्रूफिंग झालं की पाण्याची तोंडं बंद करून सर्वांत उंच भागावरही इंचभर पाणी राहील इतकं भरा. पातळीला पेन्सिलची खूण करा आणि ४८ तास ठेवा. खालून स्लॅब बघताना पाइप जिथून आरपार जातात ती जागा आणि दिव्यांचे बॉक्स आधी बघा.

खिडकीच्या चौकटीची आणि भिंतीची फट सीलंटने भरलेली हवी. सिलचा (खिडकीखालच्या पट्टीचा) उतार बाहेर हवा, सिल भिंतीच्या थोडी पुढे हवी आणि तिच्या खालच्या अंगाला खाच हवी, नाहीतर पाणी सिलखालून भिंतीकडे परत येतं. होजने पाणी मारताना खालून सुरुवात करून वर जा, प्रत्येक उंचीवर पाचेक मिनिटं. वरून सुरू केलंत तर कुठला सांधा गळतोय ते कळत नाही. कॉलम-बीम आणि वीटकाम जुळतं तिथे प्लास्टरआधी जाळी मारली का, हे प्लास्टर होण्याआधीच बघावं लागतं. फोटो काढून ठेवा.

बँकेचा इंजिनिअर येऊन गेला म्हणून निर्धास्त राहू नका. तो बँकेचं तारण पाहतो, तुमची गळती नाही.

आता पैशांचं. गच्ची, बाहेरचं प्लास्टर आणि जिन्याचं दार हे राहिलेलं काम साधारण १० भागांचं. ते आधी दिलेल्या जादा २० मधूनच व्हायला हवं, तोपर्यंत नवा हप्ता नाही. हातात पैसा नाही असं तो म्हणाला, तर सिमेंट, वॉटरप्रूफिंगचा माल थेट दुकानदाराला पैसे देऊन घ्या आणि रक्कम हिशेबात वळती करून लेखी घ्या. पुढचा हप्ता तीन तुकड्यांत: एक गच्चीच्या चाचणीनंतर, एक खिडक्यांच्या चाचणीनंतर, आणि शेवटचे २ भाग पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर.

त्या पॉलिसीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण वर्षाच्या आत लागणारा पैसा अशा ठिकाणी घालायला लावणाऱ्याने तुमचं सरळ नुकसान केलंय. कागद नुकतेच हातात आले असतील तर परत करण्याची मुदत उरलीय का, ते आजच पाहा. नसेल तर सरेंडर केल्यावर (मुदतीआधी बंद केल्यावर) किती मिळतील ते लेखी मागवा. सुरुवातीच्या वर्षांत भरल्यापेक्षा बरेच कमी मिळतात, म्हणून ते १० भाग घराच्या हिशेबात धरू नका.

तीन महिन्यांत राहायला जाणं होणार नाही. भाड्याचे आणखी चार-पाच महिने एफडीतून बाजूला काढा. लाकडी काम किंवा फ्लोअरिंगचा अॅडव्हान्स देण्याआधी जमिनीवर ४५ सेंमीचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवा आणि १६ तासांनी उचला. खाली दव जमलेलं दिसलं तर सुताराला अजून बोलावू नका.