सोसायटीच्या पंपाला, टाकीला आणि सोलरला स्मार्ट सेन्सर लावून खरंच फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय की ४८ फ्लॅटची बिल्डिंग आहे, वर्षात दोनदा गच्चीवरच्या प्रेशर पंपाची मोटर जळाली, टँकर वाढलेत, सकाळी सोलरचं पाणी कोमट येतं, आणि एकाने सगळीकडे सेन्सर लावून मोबाईलवर दाखवायचं कोटेशन दिलंय, तर घ्यावं का.

घ्या, पण सगळं एकदम घेऊ नका. मी पिंपरी-चिंचवडमध्ये सोसायट्यांचे पंप, टाक्या, गरम पाण्याच्या लाइनी सांभाळायचं काम १४ वर्षं करतोय, त्यातली शेवटची ५-६ वर्षं सेन्सर लावून. आधी एक वही घ्या आणि आठ दिवस आपल्याच बिल्डिंगचे आकडे लिहा. पंप पाणी देत असताना किती अँपिअर घेतो (वायरमनकडे क्लॅम्प मीटर असतंच), तासाला किती वेळा सुरू होतो, रात्री दोनला टाकीत पाणी किती आणि पहाटे चारला किती, सोलरच्या टाकीतून निघणारं पाणी संध्याकाळी किती गरम आणि सकाळी किती. हे नेहमीचे आकडे माहीत नसतील तर सेन्सर ४.८ दाखवो नाहीतर २.९, कमिटीला त्याचा अर्थ लागत नाही आणि महिन्याभरात ते ॲप कोणी उघडतही नाही.

आता मोटरचं. मोटर जळाली की वायंडिंग करून आणतो आणि परत लावतो, का जळाली ते बघायचं राहून जातं. वाकडकडच्या एका सोसायटीत अगदी तुमच्यासारखंच होतं, ३ एचपीचा थ्री फेज प्रेशर पंप, भरल्या लाइनला साडेचार-पाच अँपिअर घ्यायचा, सगळे म्हणत होते व्होल्टेजमुळे जळते. आम्ही मोटरच्या वायरीवर करंटचा सेन्सर अडकवला, वायर कापावी लागत नाही, नुसती कडी असते, आणि दोन दिवसांचा ग्राफ काढला. व्होल्टेज ठीक होतं, पण सकाळी सात ते आठमध्ये पंप ३४ वेळा सुरू झालेला. कोणीतरी नळ उघडला की पंप सुरू, बंद केला की लगेच बंद. थेट स्टार्टरवर सुरू होताना मोटर नेहमीच्या ५-६ पट करंट ओढते, मग तासात ३४ वेळा तो झटका बसला की वायंडिंग तापून तापून इन्सुलेशन जातं. मूळ कारण होतं पंपाशेजारची ती लाल किंवा निळी प्रेशर टाकी. तिच्यात रबराच्या पडद्यापलीकडे हवा भरलेली असते, ती हवा निघून गेली की टाकी पाणी दाबाने लाइनमध्ये ढकलू शकत नाही आणि पंप सारखा चालू-बंद होतो. हवा बघायला गाडीच्या टायरचा गेज चालतो, फक्त पंप बंद करून लाइनमधलं पाणी आधी सोडून द्यायचं. पंप १.५ बारला (बार म्हणजे दाबाचं माप) सुरू होत असेल तर हवा साधारण १.३ हवी, आणि हवेचा वॉल्व्ह दाबल्यावर पाणी आलं तर पडदा फाटलाय असं समजा. तिथे हवा शून्यावर होती. भरली, त्यानंतर ती मोटर अजून चालतेय. तुमच्याकडे आजच संध्याकाळी ही टाकी बघा, सेन्सरची वाट बघू नका.

करंटचा सेन्सर अजून बरंच सांगतो. पंप कोरडा चालला तर अँपिअर एकदम पडतात, बेअरिंग किंवा इम्पेलर अडकत असेल तर हळूहळू चढतात, एक फेज गेली तर एका वायरीत शून्य आणि बाकी दोघींत जास्त. पण हे कळून मोटर बंद करायचं काम पॅनेलमधल्या रिलेनेच (करंट बघून आपोआप मोटर तोडणारा स्विच) करायला हवं, इंटरनेटवरून नाही. कोटेशन देणाऱ्याला स्पष्ट विचारा की वायफाय बंद असताना ड्राय रनला, म्हणजे पंप कोरडा चालला तर, पंप थांबतो का. नाही म्हणाला तर ते कोटेशन नको. पंप जळायला मेसेज पोचण्याइतका वेळही लागत नाही कधीकधी, कोरडं चाललं की सील आधी जातं, मग सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये.

टँकर वाढलेत त्याला रात्रीची पातळी बघा, हे माझं सगळ्यात आवडतं माप आहे कारण स्वस्तात खूप कळतं. समजा गच्चीवरची टाकी २ मीटर उंच आणि २०,००० लिटरची, म्हणजे १ सेंटिमीटरला १०० लिटर. दोन ते चारमध्ये टाकी भरायचा पंप बंद ठेवला आणि सगळे झोपलेले असताना पातळी ६ सेंटिमीटर उतरली तर तासाला ३०० लिटर, दिवसाला ७,२०० लिटर कुठेतरी चाललंय, दर दीड दिवसाला एक मोठा टँकर. बहुतेक वेळा फ्लशच्या टाक्या गळत असतात, आवाजही येत नाही. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबायचं, कमोडमध्ये रंग उतरला तर आतलं वॉशर बदला. पातळीसाठी आवाजाच्या लहरी सोडणारा सेन्सर झाकणाखाली लावतात, पण बंद टाकीत त्याच्या तोंडावर पाण्याचे थेंब जमतात आणि आकडा वेडावाकडा येतो, पावसाळ्यात आणि थंडीत जास्तच, शिवाय सेन्सरच्या अगदी जवळचं पाणी, साधारण वीतभर अंतरातलं, त्याला दिसत नाही. मी आता तळाशी सोडायचा प्रेशरचा सेन्सरच घेतो. ४ ते २० मिलिअँपचा सिग्नल देणारा मिळाला तर उत्तम, कारण टाकी रिकामी असली तरी तो ४ दाखवतो, आणि शून्य आलं की वायर तुटलीय हे लगेच कळतं.

सोलरला दोन तापमानाचे सेन्सर पुरे, एक टाकीतून निघणाऱ्या पाइपवर आणि एक परतीच्या लाइनवर, म्हणजे न वापरलेलं गरम पाणी जिथून टाकीत परत येतं तिथे. पाइपला घट्ट बांधून वरून इन्सुलेशन करा, नाहीतर तो गच्चीवरच्या हवेचंच तापमान सांगत बसतो. संध्याकाळी ६० आणि सकाळी ४० येत असेल, रात्री कोणी वापरलं नसताना, तर आधी बघायच्या जागा दोन. एकतर गरम पाणी बिल्डिंगभर फिरवून परत आणणाऱ्या रिंग लाइनचा पंप रात्रभर चालतोय, टायमर बिघडलाय. नाहीतर एखाद्या फ्लॅटच्या बाथरूममधल्या गरम-गार मिक्सर नळाचे दोन्ही कॉक उघडे ठेवून पुढे हँड शॉवरवर पाणी अडवलंय, तिथून जास्त प्रेशरचं गार पाणी गरम लाइनमध्ये शिरतं आणि एका घरामुळे अख्खी विंग गार पाण्याने आंघोळ करते. हे शोधायला विंगेच्या खाली येणाऱ्या प्रत्येक पाइपवर एक एक रात्र सेन्सर फिरवावा लागतो, कंटाळवाणं काम आहे पण सापडतं. आणि सोबत विजेवर पाणी तापवणारा हीट पंप असेल तर वीज वाचवायला टाकी ४० वर ठेवू नका, लिजिओनेला नावाचा जंतू साधारण २० ते ४५ अंशांत वाढतो, शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो, म्हणून साठवलेलं पाणी ६० ठेवतात. बिल्डिंगमध्ये म्हातारी माणसं असतील तर याच्यावर अलार्म लावाच.

जमिनीखालच्या टाकीपर्यंत वायफाय पोचत नाही, काँक्रीट आडवं येतं, तिथे लोराचे (लांब पोचणाऱ्या रेडिओ लहरींवर चालणारे) सेन्सर घ्या. आणि अलार्म सगळ्या ग्रुपवर टाकू नका, दोन दिवसांत लोक म्यूट करतात. वॉचमनच्या केबिनमध्ये साधा भोंगा आणि ज्या माणसाकडे पंपरूमची किल्ली आहे त्यालाच फोन.

प्रेशर टाकीत हवा किती निघाली आणि मोटरच्या पाटीवर अँपिअर किती लिहिलेत ते इथे टाका, म्हणजे रिले कितीवर सेट करायचा ते सांगतो.