सिंगापुरात सेंटोसाला राहावं की शहरात?

प्रश्न : ताई, जानेवारीत आम्ही दोघं, मुलगा आणि सासरे (वय ७६) सिंगापूरला निघालोय. नेताजींनी भाषण केलं ती जागा आणि महायुद्धाच्या इतर खुणा बघायची सासऱ्यांची जुनी इच्छा आहे. एजंट सेंटोसा बेटावरच्या रिसॉर्टचा आग्रह धरतोय. आम्ही शहरात राहावं का? कोणत्या भागात? सासरे शुद्ध शाकाहारी आहेत, आणि त्यांचे गुडघे दुखतात.
– सौ. वि. कु., सांगली

उत्तर : शहरातच राहा. सेंटोसाला मुलासाठी एक दिवस द्या. तिथे फोर्ट सिलोसोत ब्रिटिशांच्या तोफा आहेत, त्या सासऱ्यांनाही आवडतील. ‘तोफा समुद्राकडे रोखलेल्या होत्या आणि जपानी मागच्या दाराने आले’ ही गोष्ट ते नातवाला सांगतीलच. त्यात अर्धंच तथ्य आहे. सिंगापुरातल्या बऱ्याच मोठ्या तोफा जमिनीकडे वळवता येत होत्या, पण गोळे प्रामुख्याने जहाजं फोडायचे होते. असो. तुम्हाला बघायचं आहे ते बाकी सगळं शहरात आहे, आणि बेटावरून रोज ये-जा करण्यात म्हाताऱ्या माणसाचा जीव दमतो.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे तिथे राहिले. पाहुणे आले की मी त्यांची सोय लिटिल इंडिया ते फेरर पार्क या पट्ट्यात करायची. सेरांगून रोडवर कोमला विलास १९४७ पासून आहे, त्यामुळे इडली-डोशाची चिंता मिटते. दुसरं कारण सासऱ्यांना जास्त पटेल. १७ फेब्रुवारी १९४२ रोजी, शरणागतीनंतर दोन दिवसांनी, ब्रिटिशांनी सुमारे ४५ हजार हिंदी सैनिक याच फेरर पार्कवर जपान्यांच्या ताब्यात दिले. आझाद हिंद सेनेची हाक, नेताजी येण्याच्या आधी, ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतल्या कॅप्टन मोहनसिंगांनी तिथेच दिली. आज तिथे बघण्यासारखं फारसं काही नाही, पण आपण कुठे उतरलोय हे त्यांना ठाऊक असू द्या.

हॉटेल ठरवताना फोटोंवर जाऊ नका. या भागातल्या स्वस्त खोल्या काडेपेटीएवढ्या असतात आणि काहींना खिडकीच नसते. बुकिंगमध्ये ‘विंडो’ शब्द आहे का ते बघा, लिफ्टचं आधी विचारा. चौघांना एकाच खोलीत कोंबू नका, दोन घ्या.

लिटिल इंडिया स्टेशनवरून मेट्रोची डाउनटाउन लाइन थेट ह्यूम स्टेशनला जाते. तिथून जवळच फोर्डचा जुना मोटार कारखाना आहे. १५ फेब्रुवारी १९४२च्या संध्याकाळी ब्रिटिश सेनापती पर्सिव्हलने जपानी सेनापती यामाशिताच्या समोर शरणागतीवर सही केली ती इथे. तो निर्णय त्याच सकाळी फोर्ट कॅनिंग टेकडीच्या पोटातल्या बॅटलबॉक्स तळघरात झाला होता. टेकडीवर टॅक्सीने जा, गुडघ्यांची परीक्षा घेऊ नका. कारखान्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं.

आता नेताजी. ५ जुलै १९४३ रोजी त्यांनी ‘चलो दिल्ली’ची हाक दिली ते पाडांग मैदान आजही मोकळं आहे. समोरच्या सिटी हॉलमध्ये १२ सप्टेंबर १९४५ला जपान्यांनी माउंटबॅटनपुढे शरणागती पत्करली. आता तिथे नॅशनल गॅलरी आहे, एसीत बसून सासऱ्यांना दम खाता येईल. डोबी घाटचं कॅथे थिएटर, जिथे २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंद सरकारची घोषणा झाली, त्याचा फक्त दर्शनी भाग शिल्लक आहे. वॉटर्लू स्ट्रीटवर झाशीची राणी रेजिमेंटची छावणी होती. लक्ष्मीबाईंच्या नावाची पलटण सिंगापुरात उभी राहिली हे मुलाला तिथेच सांगा, शाळेच्या पुस्तकापेक्षा जास्त लक्षात राहील.

एस्प्लनेड पार्कमधल्या आझाद हिंद सेनेच्या स्मारकाबद्दल मात्र सासऱ्यांना आधीच कल्पना द्या. मूळ स्मारकाची पायाभरणी नेताजींनी ८ जुलै १९४५ला केली. सप्टेंबरमध्ये ब्रिटिश परतले आणि त्यांनी ते पाडून टाकलं. आता त्या जागी १९९५ साली बसवलेली खूण आहे, ती छोटीच. भव्य पुतळ्याच्या आशेने गेलेली माणसं ‘एवढंच?’ म्हणून परत फिरताना मी पाहिली आहेत.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी क्रांजीची युद्ध-दफनभूमी चुकवू नका. डोबी घाटहून मेट्रोच्या नॉर्थ-साउथ लाइनने थेट जाता येतं, स्टेशनपासून टॅक्सी घ्या. तिथल्या भिंतींवर चोवीस हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत, त्यांत हिंदी सैनिकांची खूप आहेत. मागच्या बाजूला दहनसंस्कार झालेल्या जवळपास आठशे जणांचं वेगळं स्मारक आहे, त्यातले बहुतेक आपल्या फौजेतले. फेरर पार्कवर उभे असलेले सगळेच नेताजींकडे गेले नव्हते. जे गेले नाहीत त्यांतले कितीतरी कैदेत मेले. नेताजींच्या भक्ताला क्रांजी नेऊन दाखवावं की नाही, असा प्रश्न मला एकदा पडला होता. मी नेलं, आणि तो माणूस तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबला.

क्रांजीला सकाळी लवकर निघा. जानेवारीत पावसाचा भरवसा नसतो आणि तिथे आडोसा कमी आहे, म्हणून छत्र्या सांगलीहूनच न्या. चांगीचं संग्रहालय दूर पडतं, या खेपेला सोडून द्या.