'मन केले ग्वाही' : इथली ग्वाही मंत्र्यांची नव्हे

विचारणा अशी : "सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता" या तुकोबांच्या ओळीत ग्वाही म्हणजे आश्वासन ना? मग मनाने ते दिलं कुणाला? आणि 17व्या शतकात बहुमत कुठून आलं?

घोटाळा बातम्यांनी केलाय. पालकमंत्री रस्त्याची 'ग्वाही देतात', ती ऐकून ऐकून आपल्याला आश्वासनच आठवतं. शब्दाचं मूळ फारसी. गवाह म्हणजे साक्षीदार. हिंदीत तो अजून कोर्टात उभा असतो. मराठीत मात्र साक्ष देता देता तो नुसता 'शब्द देण्यावर' आला. तरी जुना अर्थ पुरता गेलेला नाही. सगळ्यांनी पसंत केलेला फ्लॅट माझ्या आत्याने विसार द्यायच्या दिवशी नाकारला. का, तर "सगळे घे घे म्हणत होते रे, पण मन ग्वाही देईना." तिथे 'आश्वासन' घालून बघा, वाक्य कोसळतं.

म्हणजे तुकोबांनी खऱ्याखोट्याच्या तंट्यात मनाला साक्षीला उभं केलं. न्यायाधीश नाही केलं, हे मला फार आवडतं. साक्षीदाराने पाहिलं तेवढंच सांगायचं. 'मी म्हणतो तेच खरं' ही मुजोरी त्यात नाही.

बहुमता म्हणजे पुष्कळांची मतं. 288 पैकी 145 आमदारांचं बहुमत फार नंतरचं. संस्कृतात आणखी तिसराच अर्थ सापडतो : गीतेत (2.35) कृष्ण अर्जुनाला 'बहुमतो भूत्वा' म्हणतो, तिथे बहुमत म्हणजे ज्याला मोठा मान आहे असा. (गंमत म्हणजे तिथला युक्तिवाद 'लोक काय म्हणतील' हाच आहे!)

ही ओळ हल्ली सुटी करून फिरवतात, त्यामुळे ती बाणेदार वाटते. ती आहे 'याति शूद्र वंश केला वेवसाव' या आत्मपर अभंगात. दुष्काळात पैसा आणि मान गेला, एक बायको 'अन्न अन्न' करत मेली, धंद्यात तूट आली, हे सगळं सांगून झाल्यावर ती येते. आणि तिच्या लगेच आधीचं कडवं सुरू होतं ते 'वचन मानिले नाही सुहृदांचे' असं. सुहृद, म्हणजे भलं चिंतणारी आपलीच माणसं. नाकारलेल्या मतांत तीही होती.