ठाण्यातल्या सफरचंदाला झोप येत नाही

पावसाळा संपला की सफरचंदाची चौकशी वाढते. यंदाही तीन प्रश्न आलेत.

घोडबंदर रोडच्या एका ताई विचारतात: गच्चीवर अर्ध्या ड्रममध्ये 'अण्णा' जातीचं कलम आहे. तीन वर्षं झाली, झाड हिरवंगार आहे, पण फूल नाही. कोणतं खत घालू?

ताई, तूर्त खत नको. हिरवंगार आहे हीच तर अडचण आहे. सफरचंद थंडीत पानं गाळून झोपतं आणि पुरती झोप झाली तरच फुलतं. हिमाचल-काश्मीरच्या जुन्या जातींना त्यासाठी ७ अंशांखालची हजारेक तासांची थंडी लागते. आपल्याकडे पहाटे पारा १६ वर आला तरी लोक मफलर शोधतात! अण्णा मूळची इस्रायलची, डॉर्सेट गोल्डन बहामाजची, आणि एचआरएमएन-९९ हिमाचलमधल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी निवडलेली (त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली). या जातींचं कमी थंडीत भागतं. पण ठाण्यात तेवढीही थंडी नाही, म्हणून झाडाला झोपवायचं काम आपलं.

जावा बेटावर बाटू भागातले शेतकरी तोडणीनंतर हाताने पानं काढून झाडाला नव्या बहराला लावतात. तेच इथे करून बघा. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत न्या. माती सुकू द्या, पण फांद्या सुरकुतू देऊ नका. डिसेंबरअखेर सगळी पानं काढा. ओरबाडू नका, देठाजवळचा डोळा (जिथून नवी फूट येते तो) निघून येतो. कात्रीने पान कापा आणि देठ तसाच ठेवा. काही दिवसांत तो आपोआप गळतो. वाळक्या आणि आत वळलेल्या फांद्या छाटा. सरळ वर गेलेल्या फांद्या सुतळीने ओढून आडव्या बांधा, फुलाचे डोळे आडव्या फांदीवर जास्त धरतात. मग चार-पाच किलो गांडूळखत आणि भरपूर पाणी. शेजारी डॉर्सेट गोल्डनचं एक झाड हवं, परागीकरण त्याच्यामुळे चांगलं होतं. तरीही पहिल्या बहरात दहा फळं लागली तर पेढे वाटा.

डोंबिवलीच्या एका काकांचा प्रश्न: जुलैत पानं पिवळी पडून गळाली, झाड मेलं का?

काका, खोडाची साल जमिनीलगत नखाने हलकेच खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे. तपकिरी, मऊ आणि कुबट वासाचं असेल तर बुंधा सडलाय. माझ्या पाहण्यात आपल्याकडे उन्हापेक्षा पावसानेच जास्त सफरचंदं गेली आहेत. मुळं पाण्यात बुडाली की बुरशी बुंध्यापासून चढते. ड्रम विटांवर ठेवा, तळाची भोकं काठीने मोकळी करा, कलमाचा जोड मातीच्या चार बोटं वर राहू द्या. अनेक जण 'आधार मिळावा' म्हणून जोडावर माती ओढतात, ते अगदी चुकीचं. मे अखेरीस बुंध्याला बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, लोखंडाच्या नको. जमिनीत लावायचं असेल तर दीड फूट उंच गादीवाफा करा. जोडाखालून फुटलेली फूट मात्र लगेच काढा, ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाची असते.

जाता जाता, बाजारच्या सफरचंदातल्या बिया रुजवून बसलेल्या खारघरच्या मंडळींना: रोपं छान दिसतील, फळ मात्र त्या सफरचंदासारखं येणार नाही. कलमच घ्या.

मुरबाडच्या एका शेतकरी दादांना रोपवाटिकेवाल्याने एकरी रोपांचा हिशेब दिलाय. लावू का, विचारतात.

दादा, बांधावर हौसेला दोन-तीन कलमं लावा, एकर गुंतवू नका. त्या माणसाला एकच गोष्ट विचारा: ठाणे जिल्ह्यात पाच वर्षं सलग फळ देणारी बाग कुठे आहे, आणि मला तिथे कधी नेता?