आरोग्य केंद्रात फिजिओ म्हणून रुजू होतेस तर

मशीन कमी आहेत म्हणून खट्टू होऊ नकोस. नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात तुझी पहिली दहा मिनिटंच महत्त्वाची. पेशंटला बोलू दे. चालताना बघ, खुर्चीतून उठताना बघ.

आपल्या विदर्भात एक गोष्ट कायम डोक्यात ठेव, सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. विशीतला पोरगा जांघेत दुखतं म्हणत लंगडत आला, तर लगेच स्ट्रेचिंग सुरू करू नकोस. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते आतून खचू शकतं. घरात कुणाला आहे का विचार, आणि डॉक्टरांशी बोलून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठव. सुरुवातीला असाच एक मुलगा मी तीन आठवडे कंबरेचा समजून शेकत होते. ते आजही टोचतं. पाठदुखीसोबत रात्रीचा ताप, घटलेलं वजन असेल तरी वाट बघत बसू नकोस, डॉक्टरांकडे पाठव. लघवीवरचा ताबा सुटला असेल तर त्याच दिवशी पाठव.

मधुमेहात खांदा आखडू शकतो, म्हणून खांदा आखडलेल्या प्रत्येकाची शुगर बघून घे.

गुडघेदुखीच्या काकूंना पंधरा व्यायाम देऊ नकोस, दोनच दे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबून पाच मोजायचं, दहा वेळा. आणि खुर्चीतून हात न टेकता उठबस. मे महिन्यात ४५ अंशात त्या दुपारी येणार नाहीत, सकाळची वेळ दे.

आणि आशाताईंशी, म्हणजे वस्तीतल्या आशा सेविकांशी, जमवून घे. लकव्याचा पेशंट कुठल्या घरात पडून आहे, ते तुला त्यांच्याकडूनच कळेल.