सोयाबीनची खालची पानं पिवळी पडतायत, काय मारू?

महिन्याचं पीक, काळं रान, खालची पानं पिवळी न् शेंडा हिरवागार असं म्हणताय, तर लगेच दुकानात पळू नका, खुरप्यानं एक झाड मुळासकट अलगद काढा, उपटलं तर मुळावरच्या गाठी मातीतच राहतात. या गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र (नायट्रोजन) झाडाला देतात. गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर असली तर काम चालू आहे, पांढरी-हिरवट असली किंवा गाठीच नसल्या तर नत्र कमी पडतंय, आणि झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला देतं म्हणून खालनंच पिवळं व्हायला लागतं.

आपल्या कृष्णाकाठच्या भारी रानात बऱ्याचदा साचलेलं पाणीच नडतंय, मुळाला हवाच नाही तर गाठी काय करणार? चर मारून पाणी काढा, वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण भुसभुशीत झाली, की कोळपा. तरी नाहीच सुधारलं तर फुलाच्या आधी २ टक्के युरिया, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, एकदा फवारा. पोत्यानं युरिया ओतणारे पण आहेत गावात, नुसता पाला माजतो त्यांचा.

पानाच्या कडाच पिवळ्या पडून करपल्या तर पालाश (पोटॅश) कमी आहे का बघा. शेंडा पिवळा न् शिरा हिरव्या असल्या तर लोह कमी, चुनखडीच्या रानात हे हमखास. खोड उभं चिरून आत लालसर बोगदा दिसला तर खोडमाशी, तिथं खताचा काय उपयोग नाही.

कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचं फुले संगम हे सोयाबीनचं वाण पसरतंय भरपूर, दाट पेरलं की आत ऊन जात नाही, मग बुडची चार पानं पिवळी होऊन गळतातच, त्याला औषध नको.